खराटा आणि कीर्तन : आरोग्यसेवेला सूर देणारे संत गाडगेबाबा

लखनौ शहराच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट हे जुने गाव आहे. ३० जून १८५७ रोजी येथे झालेल्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला माघार घ्यावी लागली होती. पुढे मातीच्या भांड्यांच्या कारागिरीमुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले. आता चिनहट लखनौ शहरात सामावले गेले असून त्याला लागूनच गोमतीनगर ही मोठी वसाहत उभी आहे. या गोमतीनगरात उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीचे प्रेक्षागृह आहे आणि त्याला एका मराठी संताचे, गाडगे महाराजांचे नाव आहे.

संगीत आणि नाट्याच्या प्रेक्षागृहाला गाडगेबाबांचे नाव पाहून अनेक मराठी प्रवाशांना नवल वाटते. महाराष्ट्रात बाबांचे स्मरण होते ते हातातल्या खराट्यामुळे. त्यांनी कोणत्याही गुरूजवळ संगीताचे शिक्षण घेतले नव्हते. त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हते. तरीही हे नाव तेथे शोभून दिसते. कारण सुमारे पन्नास वर्षे गावोगाव फिरून गायनाला त्यांनी जितके कामाला लावले, तितके फार थोड्यांनी लावले असेल. गल्ली झाडणे, आजाऱ्याला आंघोळ घालणे, भुकेल्याला जेवू घालणे, दारू सोडवणे आणि रुग्णाच्या नातलगांना निवारा देणे या रोजच्या कामांना त्यांच्या भजनाची आणि कीर्तनाची जोड असे. मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिनहटच्या शेजारी ज्यांच्या नावाची वास्तू उभी आहे, त्यांना त्यांचे नावही एका मातीच्या भांड्यानेच दिले, हा योगायोगही लक्षात राहण्यासारखा आहे.

शेंडगावचा डेबूजी

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी कष्टाळू होते, परंतु दारूच्या आहारी गेले. त्या व्यसनाने आधी घरची शेती आणि चीजवस्तू गेली, नंतर शरीर पोखरले गेले आणि अखेर डेबूजी लहान असतानाच त्यांचा अंत झाला. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे माहेरी आल्या.

ज्या समाजात आणि ज्या काळात हे घडले, त्यात ही गोष्ट अपवादात्मक नव्हती. सणाला, लग्नाला, बारशाला, एवढेच नव्हे तर मृत्यूनंतरच्या विधीलाही दारू आणि मांसाहाराचा बेत असे. त्यासाठी कर्ज काढले जाई. कर्जापायी शेत जाई आणि मग कुटुंब उपासमारीला व आजारपणाला सामोरे जाई. दारू, कर्ज, अस्वच्छता आणि रोग यांची ही साखळी डेबूजींनी स्वतःच्या घरात पाहिली होती. पुढे आयुष्यभर कीर्तनातून त्यांनी जे विषय मांडले, त्यांचे मूळ या बालपणात होते.

मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला आणि शेतीची सगळी कामे मन लावून केली. शाळेचा योग मात्र आला नाही. दिवसभर शेतात राबल्यावर रात्री भजनाला बसणे हा त्यांचा विसावा होता. त्यांच्या भजनात सर्व जातींच्या मुलांना जागा असे, आणि त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मंडळींबरोबर बसणे-जेवणे त्यांनी टाळले नाही. नातलगांचा आणि गावकऱ्यांचा रोष पत्करूनही त्यांनी हा क्रम सोडला नाही.

याच काळात मामांच्या निरक्षरतेचा फायदा घेऊन सावकाराने त्यांची जमीन घशात घातली. या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. अक्षरओळख नसली तर माणूस कसा नागवला जातो, हा धडा डेबूजी कधीच विसरले नाहीत. १८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला त्यांनी रूढीप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण न देता गोडाचे जेवण दिले. जातभाई नाराज झाले, पण डेबूजी मागे हटले नाहीत. बोलण्यापूर्वी स्वतः करून दाखवायचे, ही त्यांची रीत तेव्हापासूनची आहे.

गाडगे आणि खराटा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते. घरी आई, पत्नी आणि मुले होती. पुढील अनेक वर्षे ते अनवाणी भटकत राहिले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर किंवा हातात फुटके गाडगे आणि दुसऱ्या हातात खराटा, असा त्यांचा वेश असे. ऊन लागले की गाडगे डोक्यावर, भाकरी मिळाली की तेच ताट आणि तहान लागली की तोच पेला. कोणी त्यांना गोधडेबुवा म्हणे, कोणी चिंध्येबुवा. अखेर गाडगेबाबा हेच नाव रूढ झाले.

या काळात त्यांनी कुठेही फुकट खाल्ले नाही. एखाद्या घरी भाकरी मागायची असेल तर आधी त्या घरची लाकडे फोडायची, अंगण झाडायचे किंवा शेतातले काम उरकायचे आणि मगच मिळेल ते घ्यायचे. भिक्षा आणि मजुरी यांतला फरक त्यांनी अशा प्रकारे पुसून टाकला.

विदर्भात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा आणि निसरडा असल्याने यात्रेकरूंचे, विशेषतः वृद्धांचे आणि स्त्रियांचे हाल होत. बाबांनी येथे यात्रेकरूंची सेवा सुरू केली आणि लोकसहभागातून घाट बांधून घेतला. यात्रेला येणाऱ्या अंध, अपंग आणि कुष्ठरुग्णांना आंघोळ घालणे, धडके कपडे देणे आणि पंगतीत बसवून वाढणे, हे काम तेथे वर्षानुवर्षे चालले. कुष्ठरोगाच्या नुसत्या नावाने लोक दूर पळत असत अशा काळात त्या रुग्णांच्या अंगाला हात लावून त्यांना स्नान घालणारा माणूस लोक प्रथमच पाहत होते. सेवा चालू असताना सभोवताली भजन चाले. जमलेल्या लोकांचे पाय त्या सुरामुळे तेथे थांबत, आणि थांबलेल्यांतले काहीजण हळूहळू मदतीला पुढे येत.

सकाळी झाडू, रात्री कीर्तन

एखाद्या गावात आल्यावर बाबांचा दिवसाचा क्रम ठरलेला असे. पहाटे ते खराटा घेऊन गावाच्या एका टोकापासून झाडायला सुरुवात करीत. उकिरडे हलवीत, तुंबलेली गटारे मोकळी करीत, पाणवठ्याचा परिसर स्वच्छ करीत. सुरुवातीला लोक बघत राहत. मग मुले येत, तरुण येत आणि दुपारपर्यंत अर्धा गाव कामाला लागलेला असे. संध्याकाळी त्या झाडलेल्या मैदानावर कीर्तन होई.

महाराष्ट्रात कीर्तनाच्या दोन परंपरा प्रमुख आहेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पहिल्यात तत्त्वाचे निरूपण होते आणि दुसऱ्यात आख्यान सांगितले जाते. वारकरी कीर्तनात संतांच्या अभंगाचे निरूपण टाळ-मृदंगाच्या साथीने होते. बाबांनी दोन्ही परंपरांतून हवे ते घेतले, पण त्यांचे कीर्तन कोणत्याच साच्यात बसत नव्हते. उपरणे, फेटा, पेटी, मानधन, पायावर डोके ठेवणारे श्रोते यांपैकी त्यांना काहीच नको असे. पाया पडायला येणाऱ्यापासून ते दूर पळत. भाषा वऱ्हाडी बोलीची, थेट शेतकऱ्याच्या ओसरीवरची होती.

या कीर्तनाचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यांच्या परिणामाचे रहस्य त्यात आहे. बाबा उपदेश करीत नसत, तर प्रश्न विचारीत. प्रश्न साधा असे आणि त्याचे उत्तर समोर बसलेल्या माणसाला ठाऊक असे. हजारोंचा समुदाय एका सुरात ते उत्तर देई. मग त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. असे चार-सहा प्रश्न झाले की, दारू पिणे, देवाला बकरे कापणे, कर्ज काढून लग्न करणे किंवा पाणवठ्यालगत घाण करणे हे चूक आहे, हा निष्कर्ष बाबांच्या तोंडून न येता श्रोत्यांच्याच तोंडून बाहेर पडे. स्वतःच्या तोंडाने सर्वांसमक्ष दिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी मोडणे माणसाला जड जाते.

दोन विषयांच्या मध्ये नामघोष असे. बाबा सूर धरीत आणि सारा समुदाय टाळ्यांच्या ठेक्यावर तो उचलून धरी. या नामघोषाने कीर्तनात तीन गोष्टी साधत. दिवसभर राबून आलेल्या माणसाची झोप उडे आणि मन ताजे होई. जात, वय, स्त्री-पुरुष हे भेद निदान तेवढा वेळ विसरून सर्वांचा एक आवाज होई. आणि आधी विचारलेला बोचरा प्रश्न मनात मुरायला उसंत मिळे. व्यसनी माणसाला चारचौघांत कठोर बोलले तर तो उठून जातो. बाबांच्या कीर्तनात तोच माणूस हसत असे, गात असे आणि गाता गाता अंतर्मुख होत असे.

कीर्तनाचा विषयही त्या गावाचाच असे. सकाळी झाडताना बाबांनी गाव डोळ्याखालून घातलेले असे. कोणत्या वाड्यासमोर घाण आहे, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नाहीत, कोणते घर सावकारीत बुडाले आहे, हे त्यांना रात्रीपर्यंत कळलेले असे. अशा प्रकारे सकाळचा खराटा गावाचे दुखणे शोधून काढी आणि रात्रीच्या कीर्तनात त्यावरचा उपाय सांगितला जाई.

पंढरीची वारी आणि रोगांचे भय

पंढरपूरच्या वारीशी बाबांचे नाते वेगळे होते. आषाढी आणि कार्तिकीला लाखो वारकरी एका लहान गावात जमत. त्या काळी पिण्याच्या पाण्याची आणि शौचाची पुरेशी सोय नसे. चंद्रभागेचे पात्र हेच स्नानाचे, पिण्याच्या पाण्याचे आणि नाइलाजाने इतर विधींचेही ठिकाण होई. पटकी म्हणजेच कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यात्रेत पटकीची साथ उद्भवून ती परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव पोहोचल्याच्या घटना वारंवार घडल्या. ब्रिटिश सरकारने त्यावर निर्बंध, तपासणी आणि यात्रा-कर असे उपाय योजले. लोकांना ते जाचक वाटत.

बाबांनी वेगळा मार्ग धरला. वारीच्या दिवसांत ते पंढरपुरात असत, पण देवळात दर्शनाला जात नसत. सारा वेळ वाळवंट आणि रस्ते झाडण्यात, घाण उचलण्यात जाई. रात्री वाळवंटात त्यांचे कीर्तन होई आणि त्याला प्रचंड गर्दी लोटे. सरकारी हुकमाने जे साधत नव्हते, ते या गर्दीतून काही अंशी साधू लागले. यात्रा झाल्यावर झाडू घेऊन निघणाऱ्या स्वयंसेवकांची फळी कीर्तनातूनच तयार झाली. स्वच्छता हीच पूजा, हा विचार वारकऱ्याला परका वाटला नाही, कारण तो त्याच्याच भजनाच्या चालीतून त्याच्यापर्यंत आला होता.

पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंना उतरण्यासाठी जागा नसे. पावसाळ्यात उघड्यावर भिजत काढलेल्या रात्री म्हणजे आजाराला निमंत्रण. १९२० च्या सुमारास बाबांच्या प्रयत्नाने तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. नाशिक, आळंदी, देहू आदी ठिकाणीही धर्मशाळा झाल्या. कीर्तनाला जमलेल्या लोकांनी दिलेले आणे-रुपये, धनिकांच्या देणग्या आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून या वास्तू उभ्या राहिल्या. बाबांनी त्या पैशाला स्वतः हात लावला नाही. आपल्या कुटुंबीयांना या संस्थांचा लाभ मिळू नये, याबद्दलही ते कमालीचे दक्ष होते.

रुग्णाबरोबर आलेल्यांचा विचार

बाबांच्या आरोग्यकार्यातील सर्वांत दूरदृष्टीचा भाग म्हणजे रुग्णाच्या नातलगांसाठी त्यांनी केलेली सोय. आपल्याकडे माणूस मोठ्या रुग्णालयात एकटा जात नाही. त्याच्याबरोबर आई, पत्नी, मुलगा किंवा भाऊ असतो. औषध आणणे, रुग्णाला भरवणे, कूस बदलणे, रात्री जागणे ही शुश्रूषेची बरीच कामे तेच करतात. रुग्णाला खाट मिळते, पण शुश्रूषा करणाऱ्याला मात्र फुटपाथवर किंवा जिन्याखाली रात्र काढावी लागते. खेड्यातून मुंबईत आलेल्या गरिबाच्या बाबतीत याचा शेवट अनेकदा उपचार अर्धवट सोडून परत जाण्यात होई.

हे दुःख ओळखून बाबांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातलगांसाठी १९५४ मध्ये धर्मशाळा उभारली. त्यांच्या पश्चात हाच विचार पुढे चालत राहिला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात दूरच्या गावांतून आणि परप्रांतांतून येणाऱ्या कर्करुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेने अल्प दरात आसरा दिला. कर्करोगाचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. अशा वेळी डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळाले तर उपचार पूर्ण होण्याची शक्यता वाढते. बिहार, बंगाल आणि उत्तर प्रदेशातील कित्येक कुटुंबांनी गाडगेबाबांचे नाव ऐकले ते अशा निवाऱ्यामुळेच.

बाबांनी आपल्या कार्याची जी दहा सूत्रे सांगितली, त्यांत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांबरोबरच अंध, अपंग व रोग्यांना औषधोपचार आणि दुःखी, निराश माणसाला धीर देणे यांचा समावेश आहे. औषध आणि धीर ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्हींची गरज सारखीच आहे, ही जाण त्यात दिसते. धीर देण्यासाठी त्यांच्यापाशी भजन होते. औषधाच्या जागी मात्र त्यांनी भजन कधी ठेवले नाही. आजार बरा व्हावा म्हणून नवस बोलणे, बळी देणे आणि मांत्रिकाकडे धाव घेणे यांवर त्यांचा कीर्तनातला हल्ला सर्वांत प्रखर असे. देवाचे नाव गाणारा हा माणूस देवाच्या नावावर चालणाऱ्या खुळचट उपायांचा कट्टर विरोधक होता.

दुःखाच्या वेळीही खंड नाही

इतरांना धीर देणाऱ्या बाबांवर स्वतःवरही आघात झाले. त्यांचा मुलगा गोविंद अकाली गेला. ही बातमी आली तेव्हा बाबांचे कीर्तन चालू होते आणि ते त्यांनी थांबवले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या प्रसंगाकडे वैराग्याचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. त्याकडे आणखी एका दृष्टीनेही पाहता येईल. रोज मृत्यू आणि आजार यांच्या सहवासात काम करणाऱ्याला स्वतःचे मन सावरण्यासाठी काही आधार लागतो. बाबांचा तो आधार समोरचा समुदाय आणि त्याच्याबरोबर गाणे हा होता. त्यांच्या पत्नी कुंताबाईंच्या वाट्याला मात्र असा आधार फारसा आला नाही. संसाराचा भार, पतीचा विरह आणि पुत्रशोक त्यांनी मूकपणे सोसला. बाबांच्या सेवेची जी किंमत त्यांच्या घराने चुकवली, तिचा उल्लेख केल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होत नाही.

समकालीनांचा स्नेह

बाबांचे कार्य एकाकी नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बाबा यांच्यात परस्परांविषयी गाढ आदर होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्याला बाबांनी मनापासून साथ दिली. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. निरक्षर माणसाचे नाव महाविद्यालयाला मिळावे, ही त्या काळातील मोठी घटना होती. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हेही त्यांच्या चाहत्यांपैकी होते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि धर्मशाळा, सदावर्ते, आश्रमशाळा यांचा कारभार या संस्थेकडे आला.

विदर्भातील राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे बाबांपेक्षा वयाने ३३ वर्षांनी लहान होते. हातात खंजिरी घेऊन ते ग्रामस्वच्छता, आरोग्य आणि व्यसनमुक्ती यांचा पुरस्कार भजनांतून करीत. अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथील गुरुकुंज आश्रम हे त्यांचे केंद्र. एकाच जिल्ह्यातून, एकाच काळात, दोन संतांनी गायन हे लोकारोग्याचे साधन बनवावे, हे वऱ्हाडच्या मातीचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

अखेरचा प्रवास

१९५६ साली बाबांची प्रकृती खालावली होती. तरीही कीर्तने चालूच होती. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित करण्यात आले. आज बाबांचा आवाज ऐकायला मिळतो तो या मुद्रणामुळे. थकलेला, पण खणखणीत असा तो आवाज आहे. प्रश्न, समुदायाचे उत्तर आणि पुन्हा नामघोष, ही त्यांची पद्धत त्यातून प्रत्यक्ष कळते.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. बाबांना या वार्तेने मोठा धक्का बसला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात प्रवासातच बाबांची प्राणज्योत मालवली. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. ज्यांनी आयुष्यभर एका ठिकाणी मुक्काम केला नाही, त्यांचा अंतही वाटेवरच झाला.

स्मृती आणि वारसा

बाबांच्या हयातीतच प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. गो. नी. दांडेकर यांना बाबांचा सहवास लाभला होता. त्यांनीही बाबांवर लिहिले. १९७७ मध्ये राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या देवकीनंदन गोपाला या मराठी चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांची भूमिका साकारली. डॉ. लागू स्वतः शस्त्रवैद्य होते आणि ईश्वराचे अस्तित्व न मानणारे होते, ही बाब येथे आवर्जून नोंदवण्यासारखी आहे. भारतीय डाक विभागाने १९९८ मध्ये बाबांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ या वर्षापासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावागावांत स्पर्धा झाल्या, रस्ते झाडले गेले, शौचालये बांधली गेली. सकाळी श्रमदान आणि संध्याकाळी भजन-कीर्तन, असा बाबांचाच क्रम अनेक गावांनी अनुसरला. पुरस्काराचे दिवस सरल्यावर काही गावांत पुन्हा पूर्वीची स्थिती आली, तर काही गावांनी सवय टिकवली. जेथे लोकांनी ते काम आपले मानले तेथे ते टिकले, हा त्यातील साधा बोध आहे.

उत्तर भारतातही बाबांचे नाव पोहोचले आहे. तेथील धोबी, रजक समाजात २३ फेब्रुवारीला त्यांची जयंती साजरी होते. गोमतीनगरच्या प्रेक्षागृहाला असलेले त्यांचे नाव हे या आदराचेच द्योतक आहे. लखनौने आणखी एका मराठी माणसाचा संगीतासाठी सन्मान केला आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये या शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि आज त्याच संस्थेचे रूपांतर भातखंडे यांच्या नावाच्या विद्यापीठात झाले आहे. भातखंडे यांनी रागांचे शास्त्र बांधले आणि शिकण्याची वाट सर्वांसाठी मोकळी केली. गाडगेबाबांनी गाणे शास्त्राबाहेर, उकिरड्यापर्यंत आणि रुग्णाच्या उशापर्यंत नेले. एकाच शहरात या दोघांची नावे नांदावीत, हे लखनौच्या रसिकतेला साजेसेच आहे.

आजच्या आरोग्यसेवेसाठी

गायन आणि आरोग्य यांचा संबंध आता वैद्यकीय संशोधनाचाही विषय झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळण्यासाठी, तसेच उपचाराला पूरक म्हणून संगीत, नृत्य, नाट्य आदी कलांचा उपयोग होऊ शकतो, असे त्यातून दिसते. श्वसनाचे जुने विकार असलेल्यांचे समूहगान, बाळंतपणानंतर उदास झालेल्या मातांसाठी गाण्याचे वर्ग, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी ओळखीची गाणी असे प्रयोग अनेक देशांत चालू आहेत. सर्व अभ्यासांचा दर्जा सारखा नाही आणि गाण्याने रोग बरा होतो असा दावा कोणी जबाबदार वैद्य करणार नाही. परंतु गाण्याने शुश्रूषा सुसह्य होते आणि आरोग्याचा निरोप मनापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट भारतातील खेड्यांतही अनुभवाला येते.

ओवी, भारूड, पोवाडा, भजन यांचा उपयोग लसीकरण, माता-बालसंगोपन, क्षयरोग आणि व्यसनमुक्ती यांच्या प्रचारासाठी महाराष्ट्रात अनेक वर्षे होत आला आहे. आषाढी वारीत आता फिरती शौचालये आणि आरोग्यपथके असतात. गाण्यातून सांगितलेली गोष्ट निरक्षरालाही लक्षात राहते, ती गुणगुणत घरी जाते आणि एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते. मात्र नुसते गीत पुरत नाही. स्वच्छ पाणी, शौचालय, दवाखाना आणि परवडणारे औषध हाताशी नसेल तर आरोग्याचे गाणे पोकळ ठरते. बाबांना ही मर्यादा पुरती ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी कीर्तनाआधी खराटा उचलला आणि कीर्तनानंतर धर्मशाळा बांधली.

मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर आजही, मुंबईत काय आणि लखनौत काय, रुग्णांचे नातलग उघड्यावर रात्र काढताना दिसतात. गावांची वेस ओलांडताना अजूनही अनेक ठिकाणी दुर्गंधी येते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरेही कमी झालेली नाहीत. डेबूजी जानोरकर या परिटाच्या मुलाने ज्या दुःखांशी झुंज दिली, ती दुःखे पूर्णपणे संपलेली नाहीत. या दुःखांवर इलाज करताना माणसाला कमी न लेखता, त्याला आपल्या सुरात सामील करून घ्यावे लागते, हेच त्यांच्या जीवनाचे सार म्हणता येईल. गाडगेबाबांचे खरे स्मारक त्यांच्या नावाच्या वास्तूंत जितके आहे, त्याहून अधिक ते हाती खराटा घेऊन आणि मुखी गाणे घेऊन आजाऱ्याच्या दारी जाणाऱ्या प्रत्येक सेवकात आहे.